जत्रेत बारा वायरलेस टीव्ही लावायचे आहेत, ग्राफिक्स कार्ड कुठलं घेऊ?

सड्यावरची
आमचं गाव मालवण तालुक्यात, धामापूरच्या अलीकडे. मार्गशीर्षात देवीची जत्रा असते, त्याच्या तयारीतला प्रश्न आहे. जरा सविस्तर लिहिते, कारण अर्धवट माहिती देऊन विचारलं म्हणून याआधी दोनदा चुकीचा सल्ला पदरी पडलाय.

देऊळ लहान, सभामंडप जांभ्याचा, खांब हातात मावणार नाहीत एवढे. रात्री दशावतार उभा राहतो तेव्हा पुढच्या दीडदोनशे माणसांना दिसतो, बाकीच्यांना पुढच्यांच्या पाठी. माझी आजी ८४ वर्षांची आहे. पूर्वी ती पहाटेपर्यंत मांडासमोर बसायची. आता गर्दीत शिरता येत नाही, धर्मशाळेच्या पायरीवर बसते. कानावर पखवाज आणि झांज येते, आणि ती मला विचारते, "आता कोण इलो गो?" गेल्या वर्षी रात्रभर मी तिला सांगत होते, आता गणपती इलो, आता सरस्वती, आता संकासुर. तिच्या शेजारी बसलेल्या दहाबारा म्हाताऱ्यासुद्धा माझ्याच तोंडाकडे बघत होत्या. त्या रात्री ठरवलं की पुढच्या जत्रेला यांच्यासमोर पडदा असलाच पाहिजे.

गावातल्या घरांतून बारा टीव्ही मिळतायत, बहुतेक ३२ इंची. नऊ टीव्हींवर दशावतार दाखवायचा. तीन टीव्ही ओटी भरायच्या रांगेत, त्यांच्यावर गाभाऱ्यातलं दर्शन, कारण बायका त्या रांगेत तीनचार तास उभ्या असतात.

वायर का नको, हे आधीच सांगते. पालखी देवळाभोवती फिरते, तिच्यासोबत तरंग, म्हणजे देवाचे सजवलेले खांब, असतात. तरंग उंच, म्हणून वरून आडवी वायर नको. माणसं अनवाणी आणि रात्रीची, म्हणून जमिनीवरही नको. मानकऱ्यांनी स्पष्ट सांगितलंय की प्रदक्षिणेच्या वाटेवर काही चालणार नाही, आणि मला ते पटतं. दहानंतर भोंगे बंद, त्यामुळे आवाज टीव्हीच्याच स्पीकरमधून बेताने द्यायचा आहे.

गेल्या वर्षी लॅपटॉपवरून टीव्हीला थेट स्क्रीन पाठवून बघितली. एक टीव्ही जोडला जातो, दुसरा जोडायला गेलं की पहिला सुटतो. मग इंटरनेटवरून लाइव्ह करायचं ठरवलं. गर्दी वाढली तसं मोबाइलचं नेटवर्क बसलं आणि साडेअकराला सगळं बंद.

यंदा एका दुकानदाराने सांगितलं की एका ग्राफिक्स कार्डाला चार टीव्ही, म्हणजे बाराला तीन कार्डं, शिवाय मोठा मदरबोर्ड आणि पॉवर सप्लाय. ऐंशी हजारांच्या वर जातंय. समितीकडे साठ हजार आहेत आणि ते वर्गणीचे आहेत. माझ्याकडे डेस्कटॉप आहे: आय५ १२ वी पिढी, १६ जीबी रॅम, ४५० वॅटचा सप्लाय, वेगळं कार्ड नाही.

तीन कार्डं लागतातच का? एकात भागत असेल तर कुठलं घेऊ?

भाट्याची_खाडी
ताई, आधी ते तीन कार्डांचं डोक्यातून काढा. कार्डाच्या मागे चार एचडीएमआय किंवा डिस्प्लेपोर्ट असतात, ते वायरने जोडायच्या मॉनिटरसाठी. तुमचे टीव्ही वायरलेस आहेत, त्यांचा त्या भोकांशी संबंधच येत नाही. दुकानदाराने पोर्ट मोजले. मोजायची वस्तू वेगळी आहे.

वायरलेस पाठवायचं म्हणजे कॅमेऱ्यातून आलेलं चित्र आधी दाबून लहान करावं लागतं. कच्चं १०८० (फुल एचडी) चित्र सेकंदाला अब्जभर बिट्स खातं, ते हवेतून जाणार नाही. दाबलं की तीनचार एमबीपीएसमध्ये (सेकंदाला तीनचार मेगाबिट) बसतं. या दाबण्याला एन्कोडिंग म्हणतात आणि ते करणारा वेगळा तुकडा ग्राफिक्स चिपमध्ये असतो. गेम खेळायच्या ताकदीशी त्याचं काही नातं नाही. एनव्हिडियाच्या ३००० मालिकेत स्वस्त ३०५० मध्ये जो एन्कोडर आहे तोच ३०९० मध्ये आहे. चौपट पैसे टाकून एन्कोडिंग चौपट होत नाही.

आता तुमचा हिशोब. किती टीव्ही, हा प्रश्नच नाही. एका वेळी किती वेगवेगळी चित्रं, हा प्रश्न आहे. नऊ टीव्हींवर एकच दशावतार, म्हणजे दाबायचं एकदाच. दाबून झालेल्या प्रवाहाच्या नऊ प्रती काढून नऊ ठिकाणी धाडणं हे पोस्टमनचं काम, त्याला ग्राफिक्स कार्ड लागत नाही. गाभाऱ्याचं चित्र दुसरं. म्हणजे तुमची एकूण दोन एन्कोडिंग आहेत, बारा नव्हेत.

लॅपटॉपवरून एकच टीव्ही का लागला, तेही यातच आहे. ते मिराकास्ट. २०१२ साली आलेली ही पद्धत लॅपटॉप आणि टीव्ही यांच्यात थेट एकास एक जोडणी करते. दुसऱ्याला जागा नाही. महागडं कार्ड टाकलंत तरी ते तसंच वागेल.

तुमचा आय५ नक्की कुठला ते सांगा. नंबरापुढे एफ आहे का? एफ असेल तर आत ग्राफिक्स नसतं आणि माझा पुढचा सल्ला बदलेल.

वेंगुर्ला_बंदर
मी थोडं वेगळं सांगतो. कार्ड घ्याच. लग्नाचं शूटिंग करतो, लाइव्ह मिक्सिंगही करतो, आणि ऐन मुहूर्ताला मशीन अडकलं की काय होतं ते मला ठाऊक आहे. प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सवर मी तरी भरवसा ठेवणार नाही. आरटीएक्स ३०५० टाका, रात्रभर झोप येईल. तीन नकोत, पण एक असावं.

भाट्याची_खाडी
बंदरकर, तुम्ही मिक्सिंग करता, चार कॅमेरे, वर नावं, फुलं, संथ हालचाली. तिथे कार्ड हवंच. इथे एक कॅमेरा सरळ उभा आहे, त्याच्यावर काही चढवायचं नाही.

कार्ड घेणाऱ्यांसाठी मात्र काही गोष्टी लिहून ठेवतो, कारण पुढे कुणीतरी हा धागा शोधत येईल.

एनव्हिडियाच्या घरगुती जीफोर्स कार्डांवर एका वेळी किती एन्कोडिंग चालू ठेवता येतील यावर कंपनीनेच ड्रायव्हरमधून मर्यादा घातलेली आहे. बरीच वर्षं ती दोन होती, २०२० मध्ये तीन झाली, २०२३ मध्ये पाच, २०२४ मध्ये आठ. आणि ही मर्यादा संपूर्ण मशीनला धरून आहे, कार्डागणिक नाही. म्हणजे त्या दुकानदाराचं ऐकून तीन जीफोर्स टाकली असतीत तरी आकडा तिप्पट झाला नसता. क्वाड्रो पी२००० सारख्या व्यावसायिक कार्डांना ही अट नाही. इंटेलच्या आतल्या ग्राफिक्सला आणि आर्क कार्डांनाही अशी ठरवून घातलेली अट नाही, जेवढी चिप झेपेल तेवढं.

स्वस्त बघून फसायच्या दोन जागा आहेत. एनव्हिडियाचं जीटी १०३० आणि एएमडीची आरएक्स ६४०० व ६५०० एक्सटी. या कार्डांत व्हिडिओ एन्कोडरच नाही. चित्र दाखवतील, दाबून देणार नाहीत. वापरलेली बाजारात बरीच फिरतात, म्हणून सांगतो.

एखाद्याला खरंच बारा टीव्हींवर बारा वेगळी थेट चित्रं हवी असतील तर आर्क ए३८० बघावं. ताईंचं ते काम नाही.

सड्यावरची
बिल काढून बघितलं. आय५ १२४००. पुढे एफ नाही. आत यूएचडी ७३० आहे असं विंडोज दाखवतं. दीड वर्ष हे मशीन वापरतेय, त्याच्यावर बिलं टाइप केली आणि भजनांचे व्हिडिओ लावले. त्यात एन्कोडर बसलेला आहे हे आज कळलं.

म्हणजे कार्डाला शून्य रुपये? मग गेल्या वर्षीपासून ज्याला अडथळा समजत होते तो अडथळाच नव्हता?

भाट्याची_खाडी
शून्य रुपये. यूएचडी ७३० मध्ये क्विकसिंक हा इंटेलचा एन्कोडर आहे, १०८० ची दोन एन्कोडिंग त्याला काहीच नाहीत. ओबीएस हे लाइव्ह प्रवाह काढायचं फुकट सॉफ्टवेअर टाका, आउटपुटमध्ये एन्कोडर म्हणून क्विकसिंक एच.२६४ निवडा. एव्ही१ किंवा एच.२६५ या दाबायच्या नव्या पद्धतींच्या वाटेला जाऊ नका. टीव्हीच्या एचडीएमआयला लावायच्या जुन्या स्टिक ते उलगडत नाहीत आणि बारात एक जरी तशी निघाली तरी ऐन वेळी तीच हाताला येते.

प्रती वाटायला मीडियाएमटीएक्स नावाचा फुकट सर्व्हर आहे. ओबीएस त्याला एकदा प्रवाह देतो, टीव्ही त्याच्याकडून आरटीएसपी या प्रवाह पाठवायच्या पद्धतीने उचलतात. टीव्हीवरच्या स्टिकमध्ये व्हीएलसी टाकायचं आणि पत्ता द्यायचा. प्रत्येकाला वेगळी प्रत नको असेल तर मल्टिकास्ट करा, हवेत प्रत्येक चित्राची एकच प्रत सोडायची आणि ते चित्र दाखवणाऱ्या सगळ्या टीव्हींनी तीच झेलायची. बारा प्रतींऐवजी दोनच, म्हणजे वायफायवरचा भार सहाव्या हिश्शावर येईल.

जुना_वायरमन
बाय, कार्डाचो विषय संपलो ता बरा झाला. पण आता खरी गोष्ट सुरू होता, ती वायफायची. खाडीवाल्यांनी बाकी सगळं नीट सांगितलं, मल्टिकास्टचं मात्र घेऊ नको.

वायरमध्ये मल्टिकास्ट सोन्यासारखं चालतं. वायफायवर ते जवळजवळ सगळ्यात मंद वेगाने जातं, कारण कोपऱ्यातल्या सगळ्यात कमजोर टीव्हीलाही ऐकू गेलं पाहिजे. २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यावर तो वेग १ एमबीपीएससुद्धा असू शकतो, ५ गिगाहर्ट्झवर ६. त्यात पोच नसते. डेटाचं पाकीट हरवलं तर पुन्हा कोणी पाठवत नाही आणि राजाच्या तोंडावर चौकोन उठतात. प्रत्येक टीव्हीला वेगळी प्रत दे. ती त्याच्या त्याच्या वेगाने जाते आणि हरवलं तर पुन्हा येते.

भार किती? तुझे टीव्ही ३२ इंची. असल्या बहुतेक टीव्हींची काचच १३६६ बाय ७६८ ची असते. १०८० पाठवून उपयोग काय? ७२० पाठव, ३ एमबीपीएस. बारा त्रिक छत्तीस. आकडा बघून वाटेल की तीनशे एमबीपीएसवाला कुठलाही राउटर पुरेल. नाही पुरत. वायफायमध्ये वाटला जातो तो वेळ. जवळचा टीव्ही आपलं काम चटकन उरकतो. जांभ्याच्या भिंतीपलीकडच्या टीव्हीला सिग्नल मरतुकडा, त्याला १२ चाच वेग मिळतो असं धर. मग तो एकटा आपल्या ३ साठी पाव वेळ खाऊन बसतो. असे तीन झाले की बाकीचे नऊ उपाशी.

आणि माणसं! मंडपात दुपारी रिकाम्या जागेत तपासशील आणि म्हणशील झकास चाललंय. रात्री तिथे तीन हजार माणसं बसतील. माणसाच्या अंगात बहुतांश पाणी, ते ५ गिगाहर्ट्झ पिऊन टाकतं. म्हणून अॅक्सेस पॉइंट, म्हणजे वायफाय सोडणारा डबा, डोक्यांच्या वर, दहाबारा फुटांवर पाहिजे. झाडाला बांधायचा तर फणसाला किंवा आंब्याला बांध, माडाला नको, वरून नारळ पडतो.

माझं ऐकशील तर असं कर. तीन अॅक्सेस पॉइंट घे, एकेकाला चार टीव्ही. ते वायरने जोड. पण वायर आवारातून नको, देवळाच्या गडग्याच्या, म्हणजे दगडी कुंपणाच्या, बाहेरून फिरव. पालखी गडग्याच्या आत फिरते ना? मग प्रदक्षिणेची वाट मोकळीच राहते आणि हवेतून फक्त शेवटचे पन्नाससाठ फूट जायचे राहतात. कॅट६ च्या एकाच वायरीतून डेटाही जातो आणि वीजही, त्याला पीओई म्हणतात. एका तुकड्याची मर्यादा १०० मीटर, त्याच्या आत राहा. पीओई स्विच यूपीएसवर ठेवलास की लाइट गेली तरी तिन्ही चालू राहतात.

तिघांना वेगळे चॅनल: ३६, ४४ आणि १४९. मधले ५२ ते १४४ घेऊ नको, तिथे रडारचा संशय आला तरी अॅक्सेस पॉइंट आपण होऊन जागा सोडतो आणि तेवढा वेळ टीव्ही काळे. चॅनलची रुंदी २० मेगाहर्ट्झ ठेव, १२ एमबीपीएसला भरपूर झाली. २.४ बंदच करून टाक, तो पट्टा जत्रेत लोकांच्या हॉटस्पॉटने भरलेला असतो.

स्टिक घेताना खोक्यावर ५ गिगाहर्ट्झ लिहिलंय ना ते बघ. आणि टीव्हीच्या पाठीत थेट खुपसू नको, मागचा पत्रा सिग्नल अडवतो. सोबत आखूड एचडीएमआय वायर येते, तिच्यावर लोंबकळत ठेव.

भाट्याची_खाडी
काका, मल्टिकास्टचं मान्य. मी ते कॉलेजच्या वायरवाल्या नेटवर्कवर वापरलं होतं, तोच अनुभव इथे लावला. माझा सल्ला मागे घेतो.

गाभाऱ्यासाठी एक सुचतंय. तिथे हँडीकॅम ठेवू नका. पीओईवर चालणारा साधा सीसीटीव्ही आयपी कॅमेरा लावा. तो स्वतःच चित्र दाबून बाहेर देतो, त्यामुळे कॉम्प्युटरला दुसरं एन्कोडिंगही राहत नाही. मीडियाएमटीएक्स ते जसंच्या तसं उचलून तीन टीव्हींना वाटेल. कॅमेऱ्यात बहुधा एच.२६५ लावलेलं येतं, ते एच.२६४ करा. आय-फ्रेमचं (म्हणजे मधूनमधून येणाऱ्या पूर्ण चित्राचं, यालाच कीफ्रेमही म्हणतात) अंतर एका सेकंदाचं ठेवा, म्हणजे मध्येच टीव्ही बंद पडून चालू झाला तरी चित्र लगेच धरतो.

सड्यावरची
काका, गडग्याची कल्पना माझ्या डोक्यात आली नव्हती. मी "वायर नको" एवढंच धरून बसले होते. मानकऱ्यांना विचारलं, गडग्याबाहेरून हरकत नाही म्हणाले.

एक शंका राहिली. चित्र किती उशिरा पोचेल? पुढे बसलेल्यांना पखवाज प्रत्यक्ष ऐकू येतो. दशावतारात संवाद लिहिलेले नसतात, समोरचा काय बोलला त्यावर दुसरा जागेवर उत्तर देतो, आणि लोकांचं हसू त्याच क्षणी फुटतं. मांडासमोरचे हसले आणि माझ्या म्हाताऱ्या पाच सेकंदांनी हसल्या तर त्यांना पुन्हा बाहेर ठेवल्यासारखंच होईल.

भाट्याची_खाडी
हा प्रश्न कार्डाच्या प्रश्नापेक्षा मोलाचा आहे. उशीर तीन ठिकाणी साठतो: कॅमेरा ते कॉम्प्युटर, एन्कोडर, आणि सगळ्यात जास्त टीव्हीवरच्या व्हीएलसीत. व्हीएलसी मुळात एक सेकंदाचा साठा करून मगच दाखवतं. सेटिंगमध्ये नेटवर्क कॅशिंगचा आकडा मिलिसेकंदांत असतो, तो ३०० करून बघा. चित्र अडखळलं तर ४०० करा. ओबीएसमध्ये बी-फ्रेम (पुढच्या चित्राची वाट बघून बनणाऱ्या फ्रेम) शून्य ठेवा, कीफ्रेम एक सेकंद. टीव्हीत गेम मोड असेल तर तो लावा, चित्र सुंदर करायच्या नादात टीव्ही स्वतःही वेळ खातो. ब्राउझरमध्ये चालणारी एचएलएस पद्धत इथे वापरू नका, ती पाचदहा सेकंद मागे राहते.

दोन टीव्हींमधला फरक त्याहून त्रासदायक ठरेल. शेजारच्या दोन टीव्हींत शंभरदीडशे मिलिसेकंदांचं अंतर पडलं तरी शब्द दोनदा ऐकू येतो. म्हणून बाराही स्टिक एकाच मॉडेलच्या घ्या आणि कॅशिंगचा आकडा सगळीकडे सारखा ठेवा. कुणाच्या घरची जुनी स्टिक आहे म्हणून मध्ये घुसवू नका, पैसे वाचवायची ती जागा नव्हे.

मोजायचं कसं: मोबाइलवर स्टॉपवॉच लावून कॅमेऱ्यासमोर धरा, आणि दुसऱ्या मोबाइलने तो स्टॉपवॉच आणि टीव्ही एकाच फोटोत घ्या. दोन आकड्यांची वजाबाकी म्हणजे तुमचा उशीर.

वेंगुर्ला_बंदर
माझं कार्डाचं म्हणणं मागे. पण शूटिंगवाला म्हणून एक सांगतो. मार्गशीर्षात पहाटे दव पडतं, टीव्ही उघड्यावर असेल तर काचेवर पाणी धरतं आणि आतही जातं. प्रत्येकावर पुढे आलेला पत्रा किंवा झावळांचा आडोसा करा. कॅमेऱ्याचं एक्सपोजर हाताने लावा, ऑटोवर ठेवलंत तर काळ्या वेशातला संकासुर पुढे आला की मागचं सगळं पांढरं होईल. कॅमेऱ्याच्या एचडीएमआय वायरीला कॅमेऱ्याजवळ चिकटपट्टी मारा. माझी एकदा सप्तपदी चालू असताना निघाली होती, ते मी विसरलेलो नाही.

सड्यावरची
तालीम झाली, कळवते.

रविवारी सहा टीव्ही मांडून बघितले. स्टॉपवॉचच्या फोटोत पहिल्यांदा १.४ सेकंद उशीर आला. कॅशिंग ३०० केलं, गेम मोड लावला, बी-फ्रेम काढल्या, तेव्हा ०.७ वर आला. टास्क मॅनेजरमध्ये व्हिडिओ एन्कोडचा आलेख वीस टक्क्यांच्या वर गेलाच नाही. ज्याच्यासाठी ऐंशी हजार खर्चायला निघालो होतो ते काम हे मशीन सहज करतंय, हे बघून समितीचे खजिनदार बराच वेळ स्क्रीनकडेच बघत उभे होते.

धर्मशाळेचा टीव्ही मात्र अडखळत होता, आणि नेमका तोच मला सगळ्यात जास्त हवा आहे. मध्ये जांभ्याच्या दोन भिंती, त्यात परवाच्या अवकाळी पावसाने दगड ओला. अॅक्सेस पॉइंट फणसावरून काढून धर्मशाळेच्या समोरच्या आंब्यावर नेला, वायर वीस मीटर वाढली, आणि चित्र स्वच्छ झालं.

अजून एक गोष्ट, कुणी करणार असेल तर उपयोगी पडेल. आपल्या वायफायला इंटरनेट नसतं, त्यामुळे स्टिक तक्रार करते आणि पहिल्यांदा चालू करताना तर तिला इंटरनेट लागतंच. बाराही स्टिक घरी बसून आधी चालू करून, व्हीएलसी टाकून, पत्ता साठवून ठेवल्या. प्रत्येकीवर नेलपॉलिशने नंबर घातला.

खर्च सांगते: स्टिक, तीन अॅक्सेस पॉइंट, पीओई स्विच, आयपी कॅमेरा, एचडीएमआय पकडायचं यूएसबी कार्ड आणि दीडशे मीटर वायर मिळून साठ हजारांच्या आत बसलं, साडेतीन हजार परत समितीत गेले.

जुना_वायरमन
आंब्यावरचो पॉइंट उघडो ठेव नको, वरून डबो उपडो घाल आणि वायरीक खाली एक वळसो दी, म्हणजे दव वायरीवरून ओघळत आत जाणार नाय. जत्रा झाल्यार सगळी कनेक्टरां पुसून सुकव. हयच्या खाऱ्या हवेत पिना हिरवी होतत.

सड्यावरची
जत्रा परवा झाली. जागरणाने डोळे अजून चुरचुरतायत, पण लिहायचं राहू नये म्हणून बसले.

बारापैकी अकरा टीव्ही पहाटेपर्यंत चालले. सात नंबर साडेतीनला बंद पडला, स्टिक तापली होती. कारण ती टीव्हीमागे कापडात गुंडाळली गेली होती. मोकळी केली, दहा मिनिटांनी चालू झाली. एकदा लाइट गेली, सगळे टीव्ही विझले, जनरेटर येईपर्यंत चारपाच मिनिटं अंधार. पण स्विच आणि कॉम्प्युटर यूपीएसवर होते, त्यामुळे टीव्ही पेटल्यावर व्हीएलसी उघडलं की चित्र लगेच आलं. पाच आणि सहा नंबर फार जवळ लावले होते, त्यांचा आवाज एकमेकांवर येत होता, सहाचा आवाज बंद करून टाकला.

ओटीच्या रांगेतल्या टीव्हींचं मला वाटलं होतं त्यापेक्षा जास्त झालं. बायका रांगेत उभ्या राहून तिथूनच हात जोडत होत्या. एकीने तर पदर पसरून ओटीच्या तांदळाचा एक दाणा टीव्हीखालच्या बाकावर ठेवला, मग पुढच्या सगळ्यांनी ठेवले. सकाळी तिथे मूठभर तांदूळ आणि हळदकुंकू होतं. ते मानकऱ्यांनी उचलून देवीच्या पायाशी नेलं.

आजी धर्मशाळेच्या पायरीवर होती, एक नंबरच्या टीव्हीसमोर. मी मधूनमधून बघून येत होते. संकासुर आला तेव्हा मांडाकडून हसू उठलं आणि लगेच पायरीवरून. मी तिच्या शेजारी जाऊन बसले, सवयीने सांगायला लागले, तर म्हणाली, "गप रव. माका दिसता."

पलीकडच्या गावच्या समितीने विचारलंय, त्यांची जत्रा माघात आहे. त्यांचं देऊळ उतारावर, चार टप्प्यांत. काका, उतारावर पॉइंट खालून वर तोंड करून लावायचा की वरून खाली? त्यांना पुढच्या रविवारी जागा दाखवायला जायचंय.